तक्रार ‘बंद’ करायची कुणी?

लोणी भापकरच्या माणसानं भाडेकरूंवर एवढी मोठी पोस्ट लिहायची म्हणजे गावातले काही जण हसतील. बारामती तालुक्याचा आमचा हा जिरायती पट्टा. इथं पाणी नसेल पण ज्याचं त्याचं घर आहे, मग भाडेकरू आले कुठून?

पण जरा मोजून बघा. बारावीनंतर गावातली किती पोरं-पोरी घरी राहतात? टी. सी. कॉलेजला नाहीतर विद्या प्रतिष्ठानला शिकणारी बारामतीत खोली घेऊन राहतात. एमआयडीसीत कामाला असलेली तांदूळवाडी, जळोची, रुईकडं राहतात. बाकीची पुणे, चाकण, रांजणगाव. म्हणजे गावातल्या घरमालकाचाच पोरगा शहरात भाडेकरू असतो. आणि उलट बाजूनं, गावात बदलीवर आलेले शिक्षक, आरोग्य सेविका, बँकेतले कर्मचारी आपल्याकडं भाड्यानं राहतात. माझ्याही दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत, आणि त्याआधी मी स्वतः पुण्यात नऊ वर्षं भाड्यानं राहिलोय. त्यामुळं हा विषय दोन्ही बाजूंनी माहिती आहे.

विषय साधा आहे. घरात काही बिघडलं तर भाडेकरूनं सांगायचं कुणाला, सांगितल्याचा पुरावा काय, आणि काम झालं हे ठरवणार कोण?

आधी पुतण्याचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात तो आणि त्याचे दोन मित्र बारामतीत वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहत होते. जूनमध्येच स्लॅबला ओल आली. जुलैत पाणी भिंतीवरून लाइटच्या बोर्डापर्यंत उतरलं. पोरांनी मालकांना फोन केला. “काका, बोर्डापाशी पाणी येतंय.” काका म्हणाले, “बघतो.” पुढच्या फोनला मिस्त्री गावाला गेलेला. त्याच्या पुढच्या फोनला “पाऊस उघडल्यावर करू.” सप्टेंबरपर्यंत सहा फोन झाले. पाऊस उघडला, ओल वाळली, भिंतीचे पोपडे मात्र राहिले. मे महिन्यात खोली सोडताना पंधरा हजारांच्या डिपॉझिटमधून सहा हजार कापले. कारण? “भिंत तुम्ही खराब केली, रंग द्यावा लागेल.”

पोरं म्हणाली, आम्ही सहा वेळा सांगितलं होतं. मालक म्हणाले, कधी सांगितलं? आता फोनच्या यादीत तारीख दिसते, किती मिनिटं बोललो ते दिसतं. काय बोललो ते दिसत नाही. ओल्या भिंतीचे फोटो पोरांच्या मोबाईलमध्ये होते, पण मालकांना एकही पाठवलेला नव्हता. सहा हजार गेले. तीन घरांतून महिन्याचे पैसे पाठवणाऱ्या आईबापांना सहा हजार म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

“सगळं ऑनलाइन असतं तर असं झालं नसतं,” असं कुणीतरी म्हणेल. त्यांच्यासाठी भाचीची गोष्ट.

भाची पुण्यात नोकरी करते. मोठी सोसायटी, गेटवर वॉचमन, मोबाईलवर सोसायटीचं ॲप. पाहुणा आला तरी ॲपवर विचारतात. तक्रारीसाठी वेगळं बटण. आधी तर भाडेकरू म्हणून तिचं लॉगिन सुरू व्हायलाच तीन आठवडे लागले, कारण फ्लॅटमालकानं मंजुरी द्यायची होती आणि ते परदेशात. लॉगिन मिळाल्यावर तिनं तक्रार टाकली. बाथरूमच्या छतातून, वरच्या मजल्याकडून पाणी टपकतंय. फोटो जोडला. लगेच तक्रार क्रमांक आला. ‘प्रक्रियेत’ असं पिवळ्या रंगात दिसायला लागलं. पोरगी खूश.

दोन दिवसांनी पिवळ्याचं हिरवं झालं. ‘बंद’. शेरा होता, “संबंधित सभासदांशी बोलणे झाले.” पाणी टपकतच होतं.

तिनं परत तक्रार टाकली. नवा क्रमांक, परत तेच. चार वेळा उघडली, चार वेळा बंद. कागदावर बघितलं तर त्या सोसायटीचा कारभार एकदम चोख! चार तक्रारी आल्या, चारही निकाली, तीही सरासरी दोन दिवसांत. प्रत्यक्षात बादली आठवडाभर बाथरूममध्ये.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला जे दिसलं ते असं. पुतण्याकडं नोंद नव्हती म्हणून तो हरला. भाचीकडं नोंद होती, फोटो होता, क्रमांक होता, तरी ती हरली. कारण तक्रार बंद करायचं बटण ज्यानं काम करायचं त्याच्याच हातात होतं. मॅनेजरला कमिटी विचारणार, किती तक्रारी उघड्या आहेत? ज्याचं काम या आकड्यावर जोखलं जातं, तो गळती थांबवण्याआधी आकडा कमी करणार. माणूस वाईट असायची गरज नाही, पद्धतच तशी आहे.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावात अवाब इशाक नावाचं बाळ होतं. सरकारी मदतीवर चालणाऱ्या भाड्याच्या घरात आईबापांसोबत राहायचं. घरात ओल आणि बुरशी. बापानं २०१७ पासून तक्रार केलेली. त्याला सांगितलं गेलं, वरून रंग मारा. डिसेंबर २०२० मध्ये, दोन वर्षांचा होऊन काहीच दिवस झाले असताना, तो मुलगा गेला. घरातल्या बुरशीमुळं श्वसनाचा आजार होऊन तो गेला, असा निष्कर्ष तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये काढला. सगळा देश हादरला. २०२३ मध्ये कायदा झाला आणि लोक त्यातल्या तरतुदींना त्या बाळाच्याच नावानं ओळखतात. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तशा घरांच्या मालक संस्थांवर मुदत आली. जिवाला धोका असेल तर २४ तासांत हालचाल. ओल-बुरशीची गंभीर तक्रार असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी, आणि धोका आढळला तर पुढच्या ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं.

तक्रार तिथंही नोंदलेली होती. मुदत नव्हती. मुदत यायला एक मूल जावं लागलं.

न्यूयॉर्कमध्ये दुसरी पद्धत आहे. भाडेकरूनं ३११ वर फोन करायचा किंवा ऑनलाइन कळवायचं. महापालिकेच्या घर-खात्याचा निरीक्षक येऊन बघतो. दोष सापडला तर त्याचा वर्ग ठरतो. किरकोळ असेल तर मालकाला ९० दिवस, धोक्याचा असेल तर ३० दिवस, तातडीच्या धोक्याचा असेल तर बहुतेक बाबतींत २४ तास. मालकानं “दुरुस्त केलं” असं लिहून दिलं की ते भाडेकरूला कळवलं जातं, आणि दुरुस्ती झाली नसेल तर भाडेकरूला हरकत घेता येते. शिवाय कुठल्या इमारतीत किती दोष बाकी आहेत हे पत्ता टाकून कुणालाही बघता येतं. म्हणजे खोली घेण्याआधीच कळतं की मालक कसा आहे. तिथं सगळं आलबेल आहे असं नाही. पण ‘झालं’ म्हणायचा अधिकार एकट्या मालकाकडं नाही, हा फरक मोठा आहे.

आता आपला कायदा बघू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम १४ म्हणतं की घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. भाडेकरूनं किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, टपालानं किंवा अन्य प्रकारे. तरीही मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एवढीच की वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. कलम २९ म्हणतं की योग्य कारण नसताना मालकानं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई अशा गरजेच्या सोयी तोडायच्या नाहीत.

वाचायला छान वाटतं. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे गावातल्या भाडेकरूला या कायद्याचा आधार मिळेलच असं नाही, तो ठरावीक भागांना लागू आहे. दुसरी अडचण मोठी. आज बहुतेक पोरं राहतात ती अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर. त्या कागदावर तुम्ही भाडेकरू नसताच, परवानाधारक असता. मग कलम १४ चा आधार डळमळीत होतो आणि करारात काय लिहिलंय त्यालाच महत्त्व येतं. आणि करार कोण वाचतं? एजंट लॅपटॉप घेऊन येतो, आधार क्रमांक टाकतो, “इथं अंगठा ठेवा,” झालं. अंगठा ठेवायच्या आधी दुरुस्तीचं कलम शोधा. किरकोळ दुरुस्ती कुणाची, गळती-वायरिंग कुणाची, किती दिवसांत, हे लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. चार ओळी टाईप करायला एजंटला पाच मिनिटं लागतात.

तक्रार ऑनलाइन करायची तर कुठं, यातही लोकांचा गोंधळ होतो. माझ्या हिशेबानं दारं तीन आहेत, आणि चुकीच्या दारात उभं राहिलं की महिना जातो.

पहिलं दार मालकाचं. घराच्या आतलं सगळं त्याच्याकडं. नळ, दार, वायरिंग, आतली गळती.

दुसरं दार सोसायटीचं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणं पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची, ड्रेनेजची गळती सोसायटीनं स्वखर्चानं काढायची असते. सभासदाच्या संडास-बाथरूममधून होणारी गळती त्या सभासदानं. अडचण अशी की भाडेकरू सभासद नसतो. म्हणून अर्ज मालकाच्या नावानं जायला हवा. मालक लांब असेल तर त्याच्याकडून एक ईमेल घ्या, “माझ्या वतीनं यांनी दिलेली तक्रार स्वीकारावी.” भाचीनं शेवटी हेच केलं. पुढच्या कमिटी बैठकीत विषय घ्यावाच लागला.

तिसरं दार सरकारी. रस्त्यावरचं ड्रेनेज तुंबलं, कचरा उचलला नाही, तर नगरपरिषद किंवा महापालिका. तिथं दाद लागली नाही तर २६ जानेवारी २०१५ ला सुरू झालेलं ‘आपले सरकार’ पोर्टल. तिथं टोकन क्रमांक मिळतो आणि निवारणासाठी २१ दिवसांची मुदत सांगितलेली आहे. वीज गेली किंवा मीटरपाशी ठिणग्या उडाल्या तर महावितरण, १९१२ वर फोन. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक सांगितला की तक्रार नोंदली जाते, मीटर मालकाच्या नावावर असला तरी. म्हणून खोलीत राहायला गेल्या दिवशीच वीजबिलाचा फोटो काढून ठेवा. २००३ चा वीज कायदा कनेक्शन मागायचा हक्क मालकाला देतो तसा तिथं राहणाऱ्यालाही देतो. विजेच्या कायद्याला जे कळतं ते सोसायटीच्या ॲपला का कळू नये?

सरकारी दारातही ‘निकाली’ असा शिक्का न बघता मारला जातो, हा अनुभव सगळ्यांचाच. तिथं आपल्या हातात एक हत्यार आहे. माहितीचा अधिकार, २००५. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. लांबलचक अर्ज नको. एवढंच विचारा की अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर कोणत्या तारखेला, कुणी, काय काम केलं, त्याच्या कागदाची प्रत द्या. काम न करता बंद केलेल्या तक्रारीला हा प्रश्न फार झोंबतो.

खासगी मालकासाठी मात्र असं पोर्टल नाही. तिथं नोंद आपली आपणच ठेवायची. पुतण्याच्या प्रकारानंतर आम्ही एक साधी पद्धत बसवली. यंदा त्याच्या नव्या खोलीत आणि माझ्या दोन खोल्यांत, दोन्हीकडं तीच चालते. मोबाईलवर एक शीट, मालक आणि भाडेकरू दोघांनाही दिसणारी. रकाने सहा.

१. सांगितल्याची तारीख
२. काय बिघडलं, एका ओळीत
३. फोटो
४. मालकानं दिलेली तारीख
५. काम झाल्याची तारीख
६. भाडेकरूचा शेरा

नियम एकच. सहावा रकाना फक्त भाडेकरूनं भरायचा. तो भरल्याशिवाय ओळ बंद होत नाही.

फोनवर बोलणं झालं तर लगेच व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकायच्या. “काका, आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणं बोर्डापाशी पाणी येतंय, फोटो जोडलाय, तुम्ही रविवारपर्यंत मिस्त्री पाठवतो म्हणालात.” यात भांडण काही नाही. आदर आहे, आणि तारीखही आहे. व्हॉट्सॲपला काय किंमत, असं वाटत असेल तर सांगतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली असं मानलं होतं, कारण निळ्या टिका आल्या होत्या आणि फाइल उघडलेली दिसत होती. तरी प्रकरण गंभीर असेल तर स्पीड पोस्टानंही पाठवा. दोन्ही करा.

राहायला गेल्या दिवशीचा व्हिडिओ हा आणखी एक मुद्दा. पाच मिनिटं लागतात. सगळ्या भिंती, नळ, फरशी, बोर्ड, आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवायचा. आधीपासून असलेली तडा गेलेली फरशी सोडताना तुमच्या नावावर लागत नाही. आणि बोर्ड बघताना ईएलसीबी आहे का तेही बघा. एमसीबी जादा भार आला तर वीज तोडतो, पण माणसाला शॉक बसत असेल तर वाचवतो तो ईएलसीबी. ओल्या भिंतीच्या खोलीत तो नसेल तर डिपॉझिटच्या आधी त्याची मागणी करा. सहा हजार परत मिळवता येतात, पोरगं येत नाही.

आता मालकांच्या बाजूनं बोलतो, कारण मी मालकही आहे. “असल्या शीटा केल्या की भाडेकरू डोक्यावर बसतात,” असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. अनुभव उलटा आहे. माझ्याकडं राहणाऱ्या शिक्षिकाताईंनी एकदा लिहिलं, “भाऊ, बाथरूमच्या पाइपला हलकी ओल दिसतेय.” त्याच आठवड्यात प्लंबर बोलावला, जॉइंट बदलला, काम किरकोळीत भागलं. तीच ओल दोन महिने कुणी सांगितली नसती तर भिंत फोडावी लागली असती. नोंद असली की भाडेकरू लवकर सांगतो, कारण त्याला माहीत असतं की सांगितल्याचा आळ त्याच्यावर येणार नाही. आणि भाडेकरूनं खरंच काही मोडलं असेल तर तेही तारखेनिशी त्याच शीटवर असतं. डिपॉझिटचा हिशेब करताना आवाज चढत नाही.

भाडेकरूंनीही दोन गोष्टी पाळाव्यात. वीस रुपयांच्या वॉशरसाठी रात्री अकराला फोन करू नये. आणि काम झालं की शेरा लिहायला टाळाटाळ करू नये. ‘झालं’ म्हणायचा अधिकार मागतो, तर झाल्यावर ‘झालं’ म्हणायची जबाबदारीही आपली.

आमच्या गावात मल्लिकार्जुनाच्या देवळापाशी दगडी पुष्करणी आहे. शतकं गेली, दगड जागेवर आहेत. आणि शहरात दहा वर्षांच्या स्लॅबमधून पाणी गळतं, त्याची तक्रार दोन दिवसांत ‘निकाली’ निघते. तेव्हाच्या कारागिराकडं ॲप नव्हतं. पण काम झालं का, हे पाणी भरून बघितल्यावरच ठरत असणार.

म्हणून मागणी साधी आहे. सोसायट्यांच्या कमिट्यांना, ॲपवाल्यांना, नगरपरिषदेला, सगळ्यांनाच. तीन गोष्टी करा. राहणाऱ्याला स्वतःच्या नावानं तक्रार नोंदवू द्या. प्रत्येक तक्रारीला मुदत लावा आणि ती दोघांनाही दिसू द्या. आणि तक्रार बंद व्हायच्या आधी तक्रारदाराला एकदा विचारा, “झालं का?” तो ‘नाही’ म्हणाला तर तोच क्रमांक, तीच तारीख, पुन्हा उघडा. नवा क्रमांक देऊन घड्याळ शून्यावर आणू नका.

जून तोंडावर आलाय. पोरं नव्या खोल्या शोधतायत. ज्यांची पोरं बारामती-पुण्याला निघालीत त्यांनी डबा आणि गादीबरोबर वरचे सहा रकाने लिहून द्या. आणि ज्यांच्या खोल्या भाड्यानं दिल्यात त्यांनी पावसाच्या आधी एकदा गच्चीवर चढून बघा. शीट लागली तर सांगा, पाठवतो.